कातळावरचा कुकारा

आजही कुणी लांबून हाक मारली की मी लगेच ओ देत नाही. आधी नीट कान देतो, आवाज कुणाचा ते ठरवतो आणि मग बोलतो. घरचे हसतात. पोलिसाची सवय जायची नाही म्हणतात. पण ही सवय मला पोलीस खात्याने लावलेली नाही. ती पोलादपूरच्या डोंगरातल्या एका म्हातारीने लावली. ते प्रकरण मी विसरलेलो नाही आणि विसरू नये असेच वाटते, कारण त्यात माझ्या हातून एका निरपराध बाईची नोकरी आणि अब्रू दोन्ही जाणार होत्या.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून त्या भागात होतो. निवृत्तीला दोन-अडीच वर्षे उरली होती. बांधाचे तंटे, मारामाऱ्या, घाटातले अपघात यांत माझी सगळी हयात गेली. ऑनलाइन फसवणुकीचा अर्ज आला की मी तो अलिबागला सायबर शाखेकडे सरकवायचो आणि चहा मागवायचो. हे लपवण्यात अर्थ नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला एक सत्तरी ओलांडलेली म्हातारी ठाण्यात आली. मोतीबिंदूमुळे तिला फारच कमी दिसायचे, म्हणून हात धरायला शेजारीण सोबत होती. वाडीत सगळे तिला 'आये' म्हणत, मीही इथे तेच लिहितो. ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

"पेन्शन गेली, सायेब. साठवलेली सगळी. बँकवाला म्हनतो, आजी तूच काडलीस. मी कुठनं काडू? मला एसटीची पाटी वाचता येत नाय."

त्याच आठवड्यात त्याच वाडीतल्या आणखी दोघी आल्या. तक्रार तीच. गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीला नोंद घेतली, बँकेकडे आणि सायबर शाखेकडे पत्रे गेली. उत्तर आले ते असे: तिन्ही खात्यांमधून पैसे इंटरनेटवरून काढले गेले होते. काढणाऱ्याने खात्याचा आयडी बरोबर दिला, पासवर्ड बरोबर दिला आणि मोबाईलवर आलेला ओटीपीही बरोबर दिला. म्हणजे बँकेच्या दृष्टीने खुद्द मालकिणीनेच पैसे काढले होते. ते गेले परराज्यात दुसऱ्या कुणाच्या नावावर असलेल्या एका भाड्याच्या खात्यात आणि तिथून पुढे पसार झाले.

हाती एकच धागा होता. तिन्ही खात्यांना मोबाईल नंबर एकच जोडलेला होता आणि तो होता वाडीतल्या अंगणवाडी सेविकेचा. तिला मी ताई म्हणतो.

ही वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली पंधरा-सोळा घरे. कर्ती माणसे मुंबईला, मागे म्हाताऱ्या आणि दोन-चार कुटुंबे. फॉर्मवर मोबाईल नंबर लिहायची वेळ आली की म्हाताऱ्या ताईचा नंबर द्यायच्या. कुलपाची किल्ली शेजारी ठेवून बाजाराला जाणाऱ्या माणसांना यात वावगे काही वाटले नाही.

त्यातच खबर आली. खालच्या गावातल्या आमच्या एका माणसाने फोन केला की, "साहेब, त्या ताईनं घरावर नवे पत्रे घातलेत. पगार तो केवढा!" इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. खबर देणारा जे पाहिले ते सांगतो आणि जे वाटले तेही त्यातच कालवून देतो. ते निवडायचे काम आपले असते. पण त्या दिवशी मी निवडले नाही. चवदार तळ्याचा मार्चमधला बंदोबस्त जवळ येत होता, त्याआधी प्रलंबित गुन्हे निकाली काढा असा वरून तगादा होता, आणि मला आयता आरोपी मिळाला होता. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते हेच.

ताईला नोटीस देऊन बोलावले. महिला हवालदाराच्या समोर जबाब सुरू केला. ही हवालदार महाडजवळच्या नाते गावची होती. कमी बोलायची, पण बोलली की काहीतरी असायचे.

"ओटीपी तुमच्या फोनवर आले. मान्य?"

"हो साहेब."

"मग ते मेसेज फोनमध्ये का नाहीत? कुणी पुसले?"

"मीच पुसले. अंगणवाडीचे रोजचे फोटो टाकायला लागतात. फोन भरतो."

"आणि ते आकडे कुणाला दिले?"

"कुणाला म्हणजे... मी ओरडून सांगते."

मी पेन खाली ठेवले. तीस-बत्तीस वर्षांत नाना सबबी ऐकल्या, पण गुप्त आकडा ओरडून सांगितला ही पहिलीच. मी आवाज चढवला. पत्र्यांचा विषय काढला. भावाने मुंबईहून पैसे पाठवले म्हणाली. मग रडू लागली. तिला अटकेची भीती नव्हतीच फारशी. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, "साहेब, गुन्ह्यात नाव आलं तर मला कामावरून काढतील. आणि पोरांना माझ्या हातचं कोण खाऊ देईल?"

सायंकाळच्या आत तिला घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी आरोपी म्हणून नाव घ्यायचे ठरवून मी कागद तयार करायला सांगितले. हवालदार कागद घेऊन आली, पण टेबलावर ठेवीना.

"साहेब, एकदा वर जाऊन तो कातळ बघू या का?"

"कसला कातळ?"

"ती म्हणाली ना, ओरडते म्हणून. कुठनं ओरडते ते बघू. खोटं बोलायचं असतं तर तिनं जरा बरं खोटं सांगितलं असतं."

मला राग आला, खोटे कशाला बोलू. कनिष्ठाने वरिष्ठाला तपास शिकवावा हे आमच्या पिढीला पचत नाही. पण तिचे शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढली.

वाडी रस्त्यापासून वर आहे. बंद पडलेल्या शाळेपाशी जीप ठेवायची आणि पायवाट चढायची. आम्ही आधी आयेच्या घरी गेलो, कारण फिर्यादी ती. आम्ही आल्याचे कळताच ती ओटीवर आली, पण 'या' म्हणाली नाही. पडवीतल्या बाजेकडे नुसता हात केला. मग आत गेली आणि उकडलेल्या करांद्यांची ताटली आणून समोर ठेवली. थंडीत त्या बाजूला हा कंद घरोघरी उकडतात. मी एक फोड तोंडात घातली. मीठ नव्हते.

म्हातारीला दिसत नव्हते, पण माझे चावणे थांबलेले तिला बरोबर कळले.

"मीठ घातलं नाय," ती म्हणाली. "इसरले नाय, मुद्दाम नाय घातलं. दारात आलेल्याला उपाशी ठेवायची आमची रीत नाय. पन आमच्या पोरीला चोर म्हननाऱ्याला मीठ बी नाय."

"आये, पैसे तुमचेच गेलेत ना?"

"माझेच गेलेत. मग तक्रार बी माझीच हाय ना? मी सांगते, ती नाय. तवा कागदावर तिचं नाव घालू नका."

हवालदार खाली बघत करांदे खात राहिली. मीही खाल्ले. नोकरीत मी पुढाऱ्यांच्या पंगतीत जेवलो आहे, पण इतके अवघड जेवण दुसरे झाले नाही.

मग आम्ही कातळावर गेलो. तिथे गेल्यावर जे दिसले ते कुठल्याही जबाबात नीट लिहिता आले नसते. वाडीतल्या फोनला रेंज मिळायची ती फक्त त्या एका काळ्या कातळावर. अंगणवाडी आटोपली की साडेदहाच्या सुमारास ताई रोज तिथे चढायची, हजेरी आणि फोटो पाठवायची. दर गुरुवारी महाडहून फॉर्म भरणारा एक माणूस लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर यायचा आणि खाली शाळेच्या व्हरांड्यात बसायचा. त्याच्या कंपनीची रेंज रस्त्यावर होती. म्हाताऱ्या त्याच्यासमोर बसायच्या, तो फॉर्म भरायचा आणि ओटीपी यायचा वर ताईच्या फोनवर. ताई कातळावरून साद घालायची, मग एकेक आकडा दोनदोनदा ओरडायची. तो मिळाला की खालून कुणीतरी कुकारा द्यायचे. कुकारा म्हणजे डोंगरातली लांब हाक, 'पोचलं' असे सांगणारी. तो आला की ताई फोन पिशवीत टाकून आपल्या कामाला लागायची. कुकारा आला नाही तर मात्र काय झाले ते बघायला खाली उतरायची.

आणि पासवर्ड? फॉर्मवाल्याने सगळ्या म्हाताऱ्यांना एकच करून दिला होता, ग्रामदेवीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. विसरू नये म्हणून. मी आयेच्या शेजारणीला घरीच विचारले होते, सगळ्यांचा एकच कसा चालला तुम्हाला? ती माझ्याकडे अशी बघू लागली जणू मीच काहीतरी अभद्र बोललो. "देवीचं नाव घेऊन कोन चोरी करंल, सायेब?"

बँकेने दाराला तीन कुलपे लावली होती. एकाची किल्ली देवीच्या नावाने सगळ्या गावाला ठाऊक, दुसरी, म्हणजे खात्यांचे आयडी, फॉर्मवाल्याच्या वहीत आणि तिसरी कातळावरून साऱ्या दरीला ऐकू जाणारी.

मी ताईला विचारले, "गुरुवार सोडून कधी आकडे आले होते?"

"आले होते, साहेब. तीन वेळा. कुणाचं तरी फॉर्मचं राहिलं असेल असं वाटलं. मी ओरडले आणि खालनं कुकारा आला. मग मी कशाला बघायला जाते?"

इंग्रजी मेसेजातले सहा आकडे तेवढे हुडकायचे, बाकी वाचायचे नाही, हीच तिची सवय होती. ज्या तारखांना पैसे गेले त्याच त्या तीन सकाळी होत्या. म्हणजे त्या तीन दिवशी खाली वळणावर झाडीआड कुणीतरी उभे होते आणि त्याने उत्तर दिले होते.

प्रयोग करायचे ठरवले. हवालदाराला रस्त्यावर पाठवले, ताईने वरून आकडे ओरडले, हवालदाराने खालून कुकारा दिला. सगळे स्पष्ट ऐकू आले. एवढ्यात शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून आये वाट चढून आली.

"ही नात्याकडची दिसते," ती म्हणाली.

मी चमकलो. "कशावरून?"

"कुकाऱ्यावरनं. आमचा कुकारा शेवटाला वर चढतो. तिकडचा सपाट जातो." मग तिने रस्त्याकडे तोंड वळवले. "आनि त्या तीन दिसांचा खाली पडत होता, सायेब. शेवटाला धपकन. मी दारात बसून ऐकला. मनात म्हनलं, हा कोन शिकलेला कुकारा घालतोय? डोंगरातला नाय तो. बघून बघून शिकलेला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यावर ती जे बोलली ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले. "रानात हाक आली तर आमी लगेच ओ देत नाय. तीन हाका होऊ देतो. 'कोन रे, कुनाचा' इचारतो, मग बोलतो. भुताची हाक असली तर? लहान पोराला बी ठावं हाय. पन ह्या डबड्यातनं हाक आली तवा आमी कोनीच इचारलं नाय, कोन रे तू. तिचं एकलीचं नाय, आमचं सगळ्यांचंच चुकलं."

मला त्या कातळावर बसावेसे वाटले आणि मी बसलो. पोलीस प्रबोधिनीत, कार्यशाळांत, पडद्यावरच्या चित्रांत 'वापरकर्त्याची ओळख पटवणे' म्हणून जे मला तास-तास शिकवले होते आणि एक अक्षर डोक्यात शिरले नव्हते, ते या बाईने चार वाक्यांत सांगितले. समोरचा कोण आहे हे पक्के झाल्याशिवाय ओ द्यायची नाही.

पुढचा तपास सरळ होता. बघून शिकलेला कुकारा म्हणजे गुरुवारी व्हरांड्यात बसलेला माणूस. फॉर्मवाल्याला बोलावले. तो घाबरून गेला, पण त्याचा आवाज ताईला ओळखीचा होता, त्या तीन सकाळचा कुकारा त्याचा नव्हता. खोदून विचारल्यावर त्याला आठवले की दोन गुरुवार तो आजारी होता, तेव्हा शेजारच्या खोलीतला भाडेकरू त्याच्याऐवजी वाडीत गेला होता. वही घेऊनच. हा गृहस्थ चाळिशीतला, बाहेरच्या जिल्ह्यातून येऊन महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा. कारखान्याचे हजेरीपत्रक मागवले. पैसे गेले त्या तिन्ही सकाळी त्याची रात्रपाळी सुटली होती.

चौकशीत तो शांत होता. "मी तिथे दोनदाच गेलो, साहेब. तेही मदत म्हणून." कपडे नीटनेटके, बोलणे अदबीचे. अशा माणसावर आरडाओरडा करून काही होत नाही. मी आयेला बोलावून घेतले, बाहेरच्या बाकावर बसवले आणि आत चार शिपाई आणि हा, अशा पाच जणांना पाळीपाळीने कुकारा घालायला सांगितले. ठाण्यात असला प्रकार आधी कधी झाला नसावा. रस्त्यावरची माणसे थांबून बघू लागली. पहिले दोन शिपाई लाजत ओरडले. तिसरा नंबर याचा.

"ह्योच," बाहेरून आये म्हणाली. चौथा-पाचवा तिने ऐकूनही घेतला नाही, उठून उभी राहिली.

कोर्टात हा पुरावा टिकला नसता, हे मला माहीत होते. त्याला माहीत नव्हते. पण त्याचा चेहरा पडला तो कायद्याच्या भीतीने नसावा. ज्या आंधळ्या म्हातारीला आपण जमेतही धरले नव्हते, तिने आपल्याला भिंतीआडून ओळखले, हे त्याला सहन झाले नाही. पंचांसमक्ष त्याचा फोन जप्त केला, त्यात फॉर्मवाल्याच्या वहीच्या पानांचे फोटो निघाले, आणि भाड्याच्या खात्याचा दुवाही तिथेच सापडला. मग त्याने सगळे सांगितले. शेवटी म्हणाला, "साहेब, मी काही फोडलं नाही की तोडलं नाही. त्यांनीच ओरडून सांगितलं."

मला संताप आला, पण हे वाक्य मी पुढे पन्नास ठिकाणी लोकांना ऐकवले आहे. पासवर्ड चोरणाऱ्याला आता दार फोडावे लागत नाही. आपण उघडून देईपर्यंत तो थांबतो.

काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवता आली, काही गेली ती गेली. आयेने त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. ताईचे नाव आरोपी म्हणून आले नाही, साक्षीदार म्हणून आले. तिच्या नावाचे ते तयार कागद मी स्वतः फाडले. फाडताना हवालदार समोर उभी होती. मी तिला म्हणालो, "चोर सोडून संन्याशाला सुळी देणार होतो मी." ती म्हणाली, "दिली नाही ना, साहेब." बस, एवढेच. तिचे उपकार मी अजून फेडतो आहे. तिच्या जागी 'जी साहेब' म्हणून कागद टेबलावर ठेवणारी कुणी असती, तर आज हे लिहायला माझी मान वर झाली नसती.

ताईची माफी मागायला मी वर्दीतच वर गेलो. बँकेची माणसेही बरोबर नेली. म्हाताऱ्यांचे पासवर्ड बदलले. ज्यांची मुले विश्वासाची, त्यांचे नंबर त्यांना जोडले. बाकीच्यांना ताईचाच नंबर राहिला, पण नियम वाडीने स्वतः केला. आकडा ओरडायचा नाही. ज्या बाईचा असेल तिने कातळावर चढायचे, कशासाठी हवा ते ताईला सांगायचे, आणि तो कानातच घ्यायचा. फोनवरून कुणीही काही मागितले, मग तो बँकेचा साहेब असो की पोटचा मुलगा, आधी त्याला असे काही विचारायचे जे फक्त त्यालाच ठाऊक असेल. उत्तर चुकले तर फोन बंद. त्या दिवशीही करांदे होते. मी फोड तोंडात घातली आणि माझे डोळे भरून आले. मीठ होते.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी माझा नंबर बदलला. एका सकाळी आठवण झाली म्हणून साडेदहाच्या सुमारास ताईला फोन लावला. नाव सांगितले, हुद्दा सांगितला.

"असाल," पलीकडून थंड आवाज आला. "हल्ली पोलीस म्हणून पण फोन येतात. साहेब असाल तर सांगा, आयेनं पहिल्या दिवशी तुम्हाला काय दिलं होतं?"

एवढी वर्षे मी लोकांना प्रश्न विचारले. मला असा उभा करून कुणी प्रश्न विचारला नव्हता.

"करांदे," मी म्हणालो. "बिनमिठाचे."

ती खळखळून हसली. मग फोन तोंडापासून लांब धरून तिने खाली साद घातली, "आये गो, सायेबांचा फोन हाय!" मग खालून कापऱ्या आवाजात आले, "कोन रे, कुनाचा?" ताईने सांगितले, करांदेवाला, खात्री केली मी. आणि त्यानंतर कुकारा आला, बारीक झालेला, दम कमी पडणारा, पण शेवटाला वर चढणारा.

तो कुणाचा, हे मला कुणाला विचारावे लागले नाही.